नळ्यांचा नाद आणि अंकांचा ऑर्गन

देवमंदिराचा इतिहास लिहितांना पाया कोणीं घातला, मनोरा कधीं उभा राहिला व घंटा कोठून आली, याची नोंद बहुधा होते. परंतु ज्या वाद्याच्या सुरावर सर्व भाविकांचा कंठ विसंबून असतो, त्याचा वृत्तांत क्वचितच सांगितला जातो. म्हणून ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत ऑर्गनाची हकीकत वाचकांपुढें ठेवावी, असें आम्हांस वाटतें.

आपल्या संगीत-रंगभूमीवर गाजलेली पायपेटी पुष्कळांच्या परिचयाची आहे. तिच्यांत हवेनें धातूच्या पट्ट्या कंप पावतात. युरोपांतील मोठ्या ऑर्गनांत मात्र भात्यांची हवा हजारों नळ्यांत शिरते, व बहुधा एकेक नळी एकच सूर बोलते. देशोदेशींची घडण निराळी. हँबुर्ग येथील सेंट याकोबी या लुथरपंथी मंदिरांत आर्प श्निटगर यानें १६९३ सालीं पूर्ण केलेल्या ऑर्गनांत ६० स्टॉप आहेत. त्याचा आवाज इतका स्वच्छ, कीं अनेक सुरावटी गुंफल्या तरी प्रत्येक निराळी ऐकूं येते. उलट पॅरिस येथील सें-सुल्पीस मंदिरांत आरिस्तीद कावाये-कोल यानें १८६२ सालीं सिद्ध केलेला १०० स्टॉपांचा ऑर्गन वाद्यवृंदाप्रमाणें हळूहळू चढत जाऊन गर्जतो.

अशीं वाद्यें अमर नव्हत. १९१७ सालीं हँबुर्गच्या त्या ऑर्गनाच्या दर्शनी नळ्या युद्धसामग्रीसाठीं वितळविण्यांत आल्या. १९४४ सालीं बाँबवर्षावानें तें मंदिरच जळालें. उरलेल्या नळ्या अगोदर हलविल्या होत्या म्हणून वांचल्या, व १९९३ सालीं जीर्णोद्धार पुरा झाला. पॅरिसच्या नोत्र-दाम मंदिरास १५ एप्रिल २०१९ रोजीं आग लागली, तेव्हां सुमारें ८,००० नळ्यांचा तेथील ऑर्गन केवळ शिशाच्या धुळीनें माखून बचावला.

शिवाय लहान धर्मग्रामास असा ऑर्गन परवडावा कसा? या गरजेंतूनच विजेचा ऑर्गन पुढें आला. लॉरेन्स हॅमंड याचें दातेरी चकत्यांचें वाद्य १९३५ सालीं बाजारांत आलें. पण नळ्यांच्या ऑर्गनाची बरोबरी सांगणाऱ्या त्याच्या जाहिरातींस अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें १९३८ सालीं आळा घातला. बारावे पायस पोपमहाराज यांच्या कारकीर्दींत, ३ सप्टेंबर १९५८ रोजीं, रोमहून निघालेल्या आदेशांत, लहानसाही नळ्यांचा ऑर्गन घेण्याचें साधन नसेल तेथें विजेचा ऑर्गन तात्पुरता चालवून घ्यावा, मात्र त्यास बिशपांची अनुज्ञा असावी, असें सांगितलें. १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें नळ्यांच्या ऑर्गनाचा मान पुनश्च अधोरेखित केला.

१९७१ सालीं अमेरिकेच्या ॲलन कंपनीनें नादलहरी अंकांच्या रूपानें सांठविणारा ऑर्गन तयार केला. पुढें स्मरणयंत्रें विशाल झालीं, तेव्हां प्राचीन ऑर्गनाची एकेक नळी मंदिरांतच वाजवून तिचा आरंभ, तिचा स्थिर स्वर व घुमटांत विरणारा शेवट टिपूं लागले. सेकंदास चाळीस हजारांहून अधिक वेळां मोजलेला तो नाद संगणकांत राहतो, व पट्टी दाबतांच ध्वनिक्षेपकांतून प्रकटतो. कळ फिरवितांच जर्मन घडण जाऊन फ्रेंच घडण येते.

मग हा खरा ऑर्गन कीं खऱ्याची छाया? आमचें मत असें, कीं दोन्ही बाजूंस तथ्य आहे. एकाच भात्याच्या श्वासावर सर्व नळ्या जगतात. त्या श्वासाचे चढउतार अंकांनीं गणितानें साधावे लागतात. श्निटगरच्या नळ्या तीनशें वर्षांनंतरही दुरुस्त होतात. विजेच्या यंत्राचे सुटे भाग कांहीं दशकांतच दुर्मिळ होतात. तथापि उद्यां एखादी नळी वितळली, तर तिचा टिपलेला नाद साक्षीस राहील, ही सोय १९१७ सालीं नव्हती. आणि जेथें भिंतींत नळ्या बसविण्यास ना जागा ना द्रव्य, तेथील बालकांच्या कानीं तो नाद पडतो, हेंही थोडें नव्हे.

म्हणून अंकांच्या ऑर्गनाचें आम्ही स्वागत करतों. पण प्रतिध्वनि ऐकतांना मूळ हांक देणाऱ्याचें विस्मरण होऊं नये. ज्या मंदिरांत जुनें वाद्य अद्याप उभें आहे, तेथील मंडळींनीं नव्याच्या मोहानें तें मोडींत घालूं नये, इतकीच आमची नम्र विनंति.