पंचांचा कौल

मुष्टियुद्धांत दोघेहि शेवटपर्यंत उभे राहिले कीं निकाल पंचांच्या गुणपत्रकावर जातो. १३ मार्च १९९९ रोजीं न्यूयॉर्क येथें लेनॉक्स लेविस व इव्हँडर होलीफील्ड बारा फेऱ्या झुंजले. एका पंचानें लेविस यांस, दुसऱ्यानें होलीफील्ड यांस विजयी ठरविलें, तिसऱ्यानें दोघांसहि ११५ गुण दिले. लेविस सरस होते असें बहुतेकांचें मत. सामना मात्र बरोबरींत सुटला.

आम्हां चिखलीकरांस वाटे, आपल्या कुस्तींत असें घडावयाचें नाहीं. पाठ मातीला लागली कीं सगळा फड साक्षी! पुढें गुण आले. जानेवारी २०२३ मध्यें पुण्यास महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य लढतींत महेंद्र गायकवाड यांस बाहेरील टांगेचे चार गुण मिळाले, आणि सिकंदर शेख यांच्यावर अन्याय झाल्याची ओरड उठली.

परंतु २ फेब्रुवारी २०२५ रोजीं, याच स्पर्धेंत अहिल्यानगर येथें, तंटा गुणांचा नव्हता. पृथ्वीराज मोहोळ यांनीं शिवराज राक्षे यांस चीत केल्याचा कौल पंचांनीं दिला. दोन्ही खांदे टेकलेच नाहींत, असें राक्षे यांचें म्हणणें. त्यांनीं पंचास लाथ मारली. ती निंद्यच, तीन वर्षांची बंदी झाली. पण पुढें लाथेची चर्चा होत राहिली. त्याच दिवशीं अंतिम कुस्तींत पंचांशीं वाद घालून तितकीच बंदी ओढवून घेणारे मल्ल होते महेंद्र गायकवाड.