एस्ताँप

तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून कागदावर उतरवलेल्या चित्राला फ्रेंच लोक ‘एस्ताँप’ म्हणतात. हा शब्द त्यांनी सोळाव्या शतकात इटालियन ‘स्ताम्पा’वरून उचलला. ‘स्ताम्पा’चं मूळ मात्र जर्मानिक, कुटणं-तुडवणं अशा अर्थाच्या क्रियापदात. इंग्रजी ‘स्टॅम्प’ त्याच कुळातला. म्हणजे आपल्या कोर्टाबाहेरचा स्टॅम्पपेपर हा एस्ताँपचा लांबचा भाऊबंदच.

शब्दामागोमाग कसबही आलं. १५३०च्या सुमारास राजा पहिल्या फ्रान्स्वानं फाँतेनब्लोचा महाल सजवायला फ्लॉरेन्सचा चित्रकार रोस्सो याला बोलावलं. १५४०च्या दशकात तिथल्या चित्रांवरून छापचित्रं निघू लागली. पुढे अँटवर्पहून आलेल्या ताव्हेर्निये घराण्यानं पॅरिसमध्ये या व्यापारात बस्तान बसवलं.

या कलेतला खरा अवलिया झाक कालो. लॉरेनमधल्या नान्सीचा हा माणूस फ्लॉरेन्सला मेदिचींच्या पदरी तयार झाला. वाद्यं घडवणारे लाकडाला लावत, ते कडक व्हर्निश त्यानं तांब्यावर चढवलं. व्हर्निशमध्ये सुईनं रेघ ओढून पत्रा आम्लात बुडवला, की आम्ल तेवढंच उघडं तांबं खातं. त्यामुळे आम्ल रेघेबाहेर झिरपेना, आणि एकच पत्रा टप्प्याटप्प्यानं आम्लात बुडवून कुठे केसासारखी, कुठे ठसठशीत रेघ काढता येऊ लागली. युद्धाच्या हालअपेष्टांवरची त्याची १८ चित्रांची मालिका १६३३ मध्ये पॅरिसच्या इस्राएल आंरिएनं प्रकाशित केली. फासावर लटकलेल्या माणसांनी भरलेलं त्यातलं झाड पाहवत नाही!

कालोची ही युक्ती कोरक्या आब्राम बॉसनं १६४५ मध्ये आपल्या ग्रंथात सविस्तर लिहिली. १६६० मध्ये चौदाव्या लुईनं फर्मान काढून कोरक्यांना कारागीर-संघांच्या जाचातून मोकळं ठेवलं.