प्रतिकृती रेल्वे (छंद)

प्रतिकृती रेल्वे हा खऱ्या रेल्वेगाड्या, रूळ, स्थानके व त्यांभोवतालचा प्रदेश ठरावीक प्रमाणात लहान करून उभारण्याचा आणि त्यावर गाड्या चालवण्याचा छंद होय. खेळण्यातील आगगाडी आणि प्रतिकृती रेल्वे यांतील मुख्य भेद प्रमाणाचा आहे. खेळण्यात इंजिन, डबा आणि माणूस यांचे आकार परस्परांशी जुळतीलच असे नाही. प्रतिकृतीत मात्र फलाटावरच्या दिव्यापासून रुळाखालच्या स्लीपरपर्यंत सर्व काही एकाच पटीने लहान केलेले असते. हा छंद सहसा एका व्यक्तीच्या हयातीत पुरा होत नाही. आजोबांनी घेतलेले इंजिन, वडिलांनी बसवलेली वायरिंग आणि नातवाने रंगवलेले स्थानक एकाच फळीवर आढळणे ही या छंदातील नेहमीची गोष्ट आहे.

महाराष्ट्रात या छंदाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे पुण्याच्या कोथरूड भागातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून गेलेल्या, आणि आता मूळ रूपात अस्तित्वात नसलेल्या मीटरगेज व नॅरोगेज मार्गांमुळे हा प्रदेशही प्रतिकृतीकारांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा ठरतो.

इतिहास

जर्मनीतील गोपिंगन येथील मेर्क्लिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक रुंदीचे रूळ आणि त्यांवर चालणाऱ्या गाड्या मांडल्या. रुळांची रुंदी निश्चित झाल्याने आज घेतलेल्या रुळांवर पुढे घेतलेली गाडी चालू शकली आणि संग्रह वर्षानुवर्षे वाढवत नेणे शक्य झाले. हा छंद पिढ्यांमधून चालत राहिला त्यामागे हे साधे व्यापारी कारण आहे. इंग्लंडमध्ये मेकॅनोचा जनक फ्रँक हॉर्नबी याने १९२० साली किल्लीच्या गाड्या बाजारात आणल्या. १९३८ मध्ये त्याच कंपनीची ‘हॉर्नबी डब्लो’ ही लहान मापाची मालिका आली. अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रतिकृती रेल्वे संघटनेने चाके व रूळ यांची मापे प्रमाणित केली. त्यामुळे निरनिराळ्या उत्पादकांची इंजिने व डबे एकाच रुळावर चालू लागले.

प्रमाण आणि रूळमाप

जगात सर्वाधिक प्रचलित असलेले प्रमाण ‘एचओ’ हे आहे. त्यात खरी वस्तू ८७ पटींनी लहान केली जाते व रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. ब्रिटनमध्ये त्याच रुळांवर १:७६ प्रमाणाच्या गाड्या चालतात, त्यांना ‘ओओ’ म्हणतात. ‘एन’ प्रमाण १:१६० असून त्याचा रूळ ९ मिलिमीटरचा, तर सर्वांत लहानांपैकी एक असलेले ‘झेड’ प्रमाण १:२२० असून त्याचा रूळ ६.५ मिलिमीटरचा असतो. बागेत मांडल्या जाणाऱ्या मोठ्या गाड्या ४५ मिलिमीटर रुळांवर चालतात.

ही मापे युरोप-अमेरिकेतील १,४३५ मिलिमीटर रुळमार्गावरून ठरली असल्याने भारतीय प्रतिकृतीकारापुढे एक अडचण उभी राहते. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर रुंद आहे. त्याची ८७ पटींनी लहान प्रतिकृती करायची तर रूळ १९.३ मिलिमीटरचा हवा, आणि असा रूळ तयार मिळत नाही. बहुतेक जण १६.५ मिलिमीटरच्या रुळावरच भारतीय डबे चालवतात. जाणकाराच्या नजरेला ते डबे अरुंद पायांवर उभे राहिल्यासारखे दिसतात. जे ही तडजोड मान्य करत नाहीत त्यांना रूळ, सांधे आणि चाकांचे आस स्वतः तयार करावे लागतात.

मीटरगेजचे मात्र उलट आहे. १,००० मिलिमीटरला ८७ ने भागल्यास ११.५ येतात आणि स्वित्झर्लंडमधील डोंगरी मार्गांसाठी बनणारा १२ मिलिमीटरचा रूळ त्याला जवळजवळ तंतोतंत लागू पडतो. ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजचे ८.८ होतात, तेथे ‘एन’ प्रमाणाचा ९ मिलिमीटरचा रूळ चालतो. म्हणजे भारतातून जे मार्ग उखडले गेले, नेमके त्यांच्याच प्रतिकृतीसाठी बाजारात योग्य रूळ उपलब्ध आहेत.

लांबीचा प्रश्न सर्वच मापांना भेडसावतो. ‘एचओ’ प्रमाणात एक किलोमीटर अंतर साडेअकरा मीटर होते. सुमारे साडेएकवीस मीटर लांबीचा प्रवासी डबा पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास येतो, आणि सतरा डब्यांची गाडी इंजिन धरून साडेचार मीटरच्या घरात जाते. मध्यमवर्गीय घरातील खोलीची भिंतही याहून लांब असेल असे नाही. म्हणून पाच-सहा डब्यांवर भागवणे, दोन स्थानकांमधला माळ गाळणे आणि घाटाचे एकच वळण दाखवून उरलेला घाट सूचित करणे ही या कलेतील मान्य रीत आहे. काय गाळायचे हे ठरवण्यातच कर्त्याची खरी कसोटी लागते.

रचना व चलन

सामान्यतः दोन्ही रुळांतून १२ व्होल्टचा एकदिश विद्युत्प्रवाह सोडला जातो. इंजिनाची चाके तो उचलून मोटरकडे नेतात. प्रवाहाची दिशा उलटली की गाडी मागे जाते आणि दाब कमी-जास्त केल्याने वेग बदलतो. या पद्धतीत गाडी फिरवून त्याच रुळावर परत आणणारा फेरा घातल्यास डावा रूळ उजव्या रुळाला जाऊन मिळतो व शॉर्टसर्किट होते. त्यासाठी फेऱ्याचा भाग विद्युतदृष्ट्या वेगळा तोडावा लागतो. नवशिक्याची पहिली फसगत बहुधा येथेच होते. १९९० च्या दशकात प्रमाणित झालेल्या अंकीय नियंत्रण पद्धतीत रुळांना सतत वीज मिळते आणि प्रत्येक इंजिनातील चकती केवळ आपल्याला दिलेला आदेश पाळते. त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिने स्वतंत्रपणे चालवता येतात.

भूभाग प्लायवूडच्या चौकटीवर थर्माकोल, जाळी, कागदाचा लगदा आणि प्लास्टर यांनी उभारला जातो. महाराष्ट्रातील मुलांना हे काम परके नाही: दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर अळीव किंवा मोहरी पेरणे आणि गणेशोत्सवात घरच्या मखरापुढे हलता देखावा करून त्यात बॅटरीवरची गाडी फिरवणे ही दोन्ही कौशल्ये येथे थेट उपयोगी पडतात. प्रतिकृतीतील डोंगर किल्ल्याप्रमाणे पाडव्यानंतर मोडायचा नसतो, एवढाच फरक.

टिकाऊपणाची चिंता स्थानिक हवामानानुसार बदलते. पश्चिम साताऱ्याच्या पावसाळी हवेत लोखंडी रुळांना गंज चढतो, म्हणून निकेल-सिल्व्हर मिश्रधातूचे रूळ घेणे श्रेयस्कर ठरते. पूर्व सांगलीच्या कोरड्या भागात धूळ चाकांवर बसून वीज तुटते. रूळ मऊ रबराने वरचेवर पुसावे लागतात. कृष्णाकाठच्या वस्त्यांत २००५ व २०१९ चे महापूर पाहिलेल्या घरांनी मांडणी सुट्या तुकड्यांत करून माडीवर ठेवावी, हा सल्ला जगातील कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा येथे अधिक मोलाचा आहे.

जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय

भाऊ जोशी यांनी अनेक वर्षे जमवलेल्या व स्वतः तयार केलेल्या प्रतिकृतींमधून हे संग्रहालय उभे राहिले. कायमस्वरूपी मांडणीपूर्वी त्यांनी पुण्यात फिरत्या मांडणीचे प्रदर्शन भरवले होते. कर्वे रस्त्यालगतचे सध्याचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. ‘एचओ’ प्रमाणातील या मांडणीत एक संपूर्ण लघुनगर असून त्यात वाफेच्या इंजिनांपासून जर्मनीच्या अतिवेगवान गाडीपर्यंत विविध गाड्या, सिग्नल, उड्डाणपूल आणि सर्कस दाखवलेली आहे. खेळ चालू असताना दिवे मंद करून नगरात रात्र केली जाते, त्या वेळी घरांतील व डब्यांतील दिवे उजळतात. संस्थापकांच्या पश्चात त्यांच्या कुटुंबीयांनी संग्रहालय चालू ठेवले.

हे सातत्य नोंद घेण्याजोगे आहे, कारण खासगी मांडणीचा शेवट सहसा कर्त्याबरोबरच होतो. खोली रिकामी करावी लागते, वायरिंगचा नकाशा कोणाकडे नसतो आणि इंजिने सुटी सुटी विकली जातात. जर्मनीत फ्रेडरिक व गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ साली हँबुर्गमध्ये सुरू केलेले ‘मिनिआटुअर वुंडरलँड’ आज जगातील सर्वांत मोठी मांडणी मानली जाते. तेथे देखभालीसाठी मोठा पगारी कर्मचारीवर्ग आहे. कोथरूडच्या संग्रहालयाचा व्याप त्या मानाने लहान असला तरी ते एका घराने जपले आहे.

पुण्याच्या पेशवे उद्यानात १९५६ साली सुरू झालेली ‘फुलराणी’ किंवा १९०७ पासूनची नेरळ–माथेरान गाडी यांनाही लोक ‘छोटी गाडी’ म्हणतात. परंतु पहिली उद्यानातील बसण्याची गाडी आहे आणि दुसरी ६१० मिलिमीटर रुळांवरची खरी रेल्वे आहे. या लेखातील अर्थाने दोन्ही प्रतिकृती नव्हेत.

सातारा–सांगलीचे मार्ग: प्रतिकृतीचा विषय

सदर्न मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याहून वाठार, कोरेगाव, कराड, मिरज असा मीटरगेज मार्ग नेला. १८९१ मध्ये कोल्हापूर संस्थानचा मिरज–कोल्हापूर मार्ग सुरू झाला. पुणे–कोल्हापूर मार्ग १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज झाला. मिरज–लोंढा मार्गावर मात्र मीटरगेज १९९० च्या दशकापर्यंत राहिली.

मिरजेला तिसरे मापही होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ साली कुर्डुवाडीजवळून बार्शीपर्यंत सुरू केलेली ७६२ मिलिमीटरची बार्शी लाइट रेल्वे १९२७ मध्ये पंढरपूरहून सांगोला, ढालगाव, कवठे महांकाळ या मार्गे मिरजेस पोहोचली. प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये या तत्त्वावर कॅलथ्रॉप यांनी इंजिने व वाघिणी आखल्या होत्या, त्यामुळे हलक्या रुळांवरही बऱ्यापैकी ओझे नेता येई. आषाढी-कार्तिकीला हीच गाडी वारकऱ्यांनी भरून जात असे. १९५४ मध्ये ती सरकारी मालकीची झाली आणि मिरज–पंढरपूर भागाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर २०१० च्या सुमारास पूर्ण झाले. मधल्या काळात, म्हणजे साधारण १९७१ ते १९९० च्या दशकापर्यंत, मिरज स्थानकात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज ही तिन्ही मापे एकत्र नांदत होती. तिन्ही रूळ एकाच फळीवर दाखवणारी मिरजेची मांडणी हा महाराष्ट्रातील प्रतिकृतीकाराला उपलब्ध असलेला बहुधा सर्वांत समृद्ध विषय आहे.

बार्शीच्या अनुभवावर कॅलथ्रॉप यांनी इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड ही त्याच मापाची रेल्वे आखली. ती १९०४ मध्ये सुरू होऊन १९३४ मध्ये बंद पडली. अवघी तीस वर्षे चाललेल्या त्या मार्गाच्या प्रतिकृती ब्रिटिश हौशी मंडळी आजही करतात. तिचे मूळ असलेली आणि शंभरहून अधिक वर्षे चाललेली बार्शीची गाडी मात्र मराठी घरांतील फळ्यांवर क्वचितच दिसते.

रुळांशेजारचा प्रदेशही अभ्यासण्यासारखा आहे. आदर्कीचा घाट चढ आणि वळणे यांचा उत्तम नमुना आहे. कराडचे स्थानक प्रभाकर कंदिलासाठी प्रसिद्ध असलेल्या ओगलेवाडीत आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्थानकाजवळ वसवलेल्या कारखान्यामुळे त्या स्थानकाला पुढे किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. मिरजेहून कोल्हापूरकडे जाताना अंकलीजवळ कृष्णेचा पूल लागतो. हळद, गूळ आणि नांगर यांनी भरलेल्या वाघिणी दाखवल्या की मांडणी कोणत्या मुलखातली आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

पिढ्यांचे सहकार्य

परदेशी मार्गांसाठी तयार संच आणि छापील आराखडे विकत मिळतात. सातारा–सांगलीच्या जुन्या मार्गांसाठी तसे मिळत नाहीत. कौलांचा रंग, पाण्याच्या टाकीची जागा, सांधेवाल्याची खोली, नॅरोगेजच्या फलाटाची उंची अशा गोष्टी निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांना, नित्य प्रवास केलेल्या ज्येष्ठांना आणि घरगुती छायाचित्रांच्या पार्श्वभूमीला विचाराव्या लागतात. उलटपक्षी, संगणकावर आराखडा करून त्रिमितीय छपाई यंत्रातून डब्याचा सांगाडा काढणे किंवा अंकीय नियंत्रणाची आज्ञावली लिहिणे हे तरुणांना सहज जमते. अशा मांडणीत वृद्धांची आठवण हा कच्चा माल असतो आणि तो साठवून ठेवता येत नाही. वाफेच्या इंजिनावर मीटरगेजची नोकरी केलेले लोक आता अतिशय वृद्ध आहेत. नॅरोगेजचे प्रवासी तुलनेने तरुण असल्याने मिरज–पंढरपूर मार्गाची माहिती अजून बऱ्याच प्रमाणात मिळू शकते.

मांडणी पुढच्या पिढीकडे सुस्थितीत जावी यासाठी अनुभवी हौशी काही गोष्टी पाळतात: प्रत्येक तारेला रंग व क्रमांक देणे, वायरिंगचा नकाशा फळीच्या मागे चिकटवणे, इंजिनाच्या खोक्यात तेलपाण्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवणे आणि कोणत्या छायाचित्रावरून वा कोणाच्या सांगण्यावरून स्थानक केले हे वहीत नोंदवणे. लहान मुलांच्या हाती प्रथम मालगाडी दिली जाते, कारण तिचे डबे मजबूत असतात आणि रुळावरून घसरल्यास हाताने पुन्हा चढवता येतात.