अंगणवाडी: शब्द उरला, विचार गेला
१९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले. दलित वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. पुढे कोसबाडला वारली मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणली. कारण धाकट्याला कडेवर घेतल्याशिवाय थोरलीला शाळेत येता येत नव्हते. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. १९७५ साली सरकारने अंगणवाडी उचलली, ती मुख्यतः सहा वर्षांखालच्यांसाठी. थोरलीची शाळा वेगळी पडली. मी काळेवाडीत राहतो. इथेही आईबाप कामावर गेले की धाकट्यांसाठी थोरलीच घरी राहते. तिची गैरहजेरी मांडून भागणार नाही. धाकट्यासकट तिला वर्गात जागा दिली पाहिजे.