दूध, अंडी आणि हवापालट : क्षयरोग्याला दिलेल्या सल्ल्याची गोष्ट

दवाखान्यातून बाहेर पडताना गोळ्यांच्या पुडीबरोबर आपल्याला आणखी एक गोष्ट मिळते. ती म्हणजे सल्ला. "तेलकट कमी करा, रोज चाला, झोप नीट घ्या, टेन्शन घेऊ नका." आपण मान डोलावतो आणि घरी येतो. तुम्ही चार घरची धुणीभांडी करत असाल तर "विश्रांती घ्या" या वाक्याचं नेमकं काय करायचं, हे मात्र त्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

माझं पीएच.डी.चं काम अशाच सल्ल्यांच्या इतिहासावर आहे. सल्ला येतो कुठून? तो कधी कुणी तपासून पाहिला का? आणि पेशंटला तो पाळता आला नाही तर दोष कुणाच्या माथी जातो? आज यातली एकच गोष्ट सांगते, क्षयरोगाची. हा विषय निवडण्यामागे थोडं घरचंही कारण आहे.

माझ्या आजीची थोरली बहीण, अक्का, क्षयाने गेली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. डॉक्टरांनी सांगितलं होतं : रोज शेरभर दूध, अंडी, फळं, चुलीच्या धुरापासून लांब राहायचं, पूर्ण विश्रांती, आणि जमलं तर पाचगणीला हवापालट. घरी दोन एकर कोरडवाहू जमीन आणि तीन लहान मुलं. यातलं काय जमणार होतं? पण आजी शेवटपर्यंत एकच वाक्य म्हणायची, "अक्काने पथ्य पाळलं नाही गं."

हा सल्ला आला कुठून?

खाणं, विश्रांती आणि क्षय यांचं नातं आपल्याकडे फार जुनं आहे. चरकसंहितेत राजयक्ष्म्याची चार कारणं दिली आहेत : ताकदीबाहेरचे श्रम, मलमूत्रादी वेग अडवून धरणं, शरीरातल्या धातूंचा क्षय आणि अवेळी, वेडंवाकडं खाणं. चारही कारणं माणसाच्या राहणीतली. साहजिकच उपायही राहणीतलेच. बकरीचं दूध आणि मांसरस त्यात येतात.

पण अक्काला मिळालेला सल्ला थेट चरकाकडून आलेला नव्हता. तो आला होता युरोपातून. १८५४ मध्ये हेर्मान ब्रेमर या जर्मन डॉक्टरने आपल्या प्रबंधात मांडलं की क्षय बरा होऊ शकतो. पुढे त्याने सायलेशियाच्या डोंगराळ भागात, गेरबर्सडोर्फ इथे (हे गाव आज पोलंडमध्ये आहे) क्षयरोग्यांसाठी संस्था काढली. मोकळी हवा, भरपूर खाणं आणि डोंगरात ठरवून दिलेलं चालणं, अशी तिथली दिनचर्या. ब्रेमरच्याच तालमीत तयार झालेला पेटर डेटवायलर याने १८७६ मध्ये फ्रँकफुर्टजवळ फाल्केनस्टाइनला दुसरं सॅनिटोरियम सुरू केलं. गंमत म्हणजे त्याने चालण्यावर नव्हे, तर झोपून राहण्यावर भर दिला. रोग्यांनी तासन्‌तास व्हरांड्यात आरामखुर्चीत पडून राहायचं.

एक म्हणतो चाला, दुसरा म्हणतो पडून राहा. दोघांकडचे काही रोगी बरे व्हायचे, काही व्हायचे नाहीत. आणि दोघांपैकी कुणीही आपला सल्ला मानणारे आणि न मानणारे असे दोन सारखे गट शेजारी ठेवून पाहिले नव्हते. त्या काळात तशी पद्धतच नव्हती, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला. पण जंतू सापडला तरी त्याला मारणारं औषध हातात यायला आणखी साठेक वर्षं लागली. तोवर डॉक्टरांकडे देण्यासारखं मुख्यतः हवा, अन्न आणि विश्रांती एवढंच होतं.

विसाव्या शतकात हे सगळं आपल्याकडे रुजलं. नैनितालच्या डोंगरातलं भोवाली, आंध्रातलं मदनपल्ली, आपल्याकडे पाचगणीचं बेल-एअर, मिरजेजवळचं वानलेसवाडी. कमला नेहरूंवर काही काळ भोवालीला उपचार झाले आणि १९३६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे त्यांचं निधन झालं. म्हणजे ज्यांना सगळं परवडत होतं, त्यांनाही हा सल्ला दरवेळी वाचवत नव्हता.

बाकीच्यांचं काय? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालातले दोन आकडे शेजारी ठेवून बघा. देशात क्षयाचे रोगी अंदाजे २५ लाख, आणि त्यांच्यासाठी खाटा सुमारे ६ हजार. चारशे रोग्यांमागे एक खाट! उरलेल्या ३९९ जणांना मिळायचा तो फक्त सल्ला.

मद्रासमध्ये काय तपासलं?

१९४० च्या दशकात चित्र बदलू लागलं. स्ट्रेप्टोमायसिन आलं, पॅस आलं, आणि १९५२ मध्ये आयसोनायाझिड. शेवटची दोन औषधं तोंडाने घ्यायची होती. आयसोनायाझिड तर स्वस्तही होतं. मग प्रश्न उभा राहिला : गोळ्या घरी बसून घेता येत असतील, तर सॅनिटोरियम हवंच कशाला?

आज हा प्रश्न सोपा वाटतो, पण तेव्हा तो धाडसाचा होता. झोपडीत राहणारा, अर्धपोटी, कामावर जाणारा माणूस नुसत्या गोळ्यांवर बरा होईल? आणि घरात ठेवला तर तो बायकापोरांना रोग देणार नाही का? लाखो खाटा बांधायला देशाकडे पैसे नव्हते, आणि चुकीचं उत्तर दिलं तर माणसं मरणार होती.

१९५६ मध्ये मद्रासला ट्युबरक्युलोसिस केमोथेरपी सेंटर सुरू झालं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांचा हा संयुक्त प्रकल्प होता. प्रमुख होते डॉ. वॉलेस फॉक्स. त्यांनी शहरातल्या गरीब वस्त्यांमधले १९३ रोगी घेतले आणि, सोप्या भाषेत सांगायचं तर, चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एक गट वर्षभर सॅनिटोरियममध्ये, दुसरा स्वतःच्या घरी. औषधं दोघांनाही तीच : आयसोनायाझिड आणि पॅस.

चिठ्ठ्या का? कारण डॉक्टरांनी स्वतः निवड केली असती तर जास्त आजारी माणसं नकळत सॅनिटोरियममध्ये गेली असती, आणि मग तुलनेला अर्थ राहिला नसता.

घरच्या गटातले रोगी ठरावीक दिवशी केंद्रात येऊन औषध घेऊन जायचे. आरोग्य कर्मचारी अधूनमधून घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजायचे, लघवी तपासून औषध पोटात गेलंय का ते बघायचे. हे रोगी दाटीवाटीच्या घरांत राहत होते आणि त्यातले बरेच जण कामंही करत होते. दोन्ही गट काय खातात याचीही नोंद ठेवली गेली. सॅनिटोरियममधल्यांना उष्मांक, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ कितीतरी जास्त मिळत होते, आणि त्यांचं वजनही घरच्यांपेक्षा बरंच जास्त वाढलं.

१९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षअखेर सॅनिटोरियममधल्या ९२ टक्के आणि घरच्या ८६ टक्के रोग्यांचा आजार शांत झाला होता. एकूण पाच वर्षं या रोग्यांचा पाठपुरावा झाला, तेव्हा दोन्ही गट जवळपास बरोबरीत होते. घरच्या माणसांचं काय झालं हेही पाहिलं गेलं. रोगी घरी राहिला म्हणून त्याच्या कुटुंबात क्षय वाढल्याचं दिसलं नाही. घरातल्यांना जो धोका व्हायचा, तो मुख्यतः रोगाचं निदान होण्याआधीच झालेला असायचा.

जरा थांबून विचार करा. शंभर वर्षं ज्याला उपचार समजलं जात होतं, ती हवा, ती आरामखुर्ची, तो खुराक. औषध नीट पोटात जात असेल तर या सगळ्यावाचूनही बहुतेक माणसं बरी होत होती. १९६२ मध्ये भारताचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला तो घरी राहून उपचार याच पायावर, आणि जगभर सॅनिटोरियमचा काळ संपत गेला.

मग दोष कुणाचा?

इथे गोष्ट संपवली असती तर छान सुखान्त झाला असता. पण माझ्या संशोधनाचा खरा भाग इथून पुढे आहे.

पॅसचे डोस मोठे, चवीला वाईट आणि पोट बिघडवणारे असत. बरं वाटू लागलं की लोक औषध सोडत. मद्रासच्याच लोकांच्या हे सर्वांत आधी लक्षात आलं, आणि डोळ्यांसमोर औषध द्यायची कल्पना त्यांनी तपासायला घेतली. पुढे 'डॉट्स' म्हणून जी पद्धत जगभर पोचली, तिची एक मोठी मुळी इथली आहे. काम मोलाचं आहेच. पण त्याबरोबर भाषाही बदलली. आधी रोगी 'पथ्य न पाळणारा' होता, आता तो 'डिफॉल्टर' झाला, म्हणजे कर्ज बुडवणाऱ्याला वापरतात तोच शब्द! ज्याला क्षय असावा असं वाटतं तो 'सस्पेक्ट', म्हणजे संशयित. पोलीस ठाण्यातला शब्द. जागतिक आरोग्य संघटनेने हे शब्द आपल्या व्याख्यांमधून काढले ते थेट २०१३ मध्ये.

माझं म्हणणं असं की सल्ला बदलला तरी बोट मात्र त्याच माणसाकडे राहिलं. मजुरी बुडते म्हणून तो दवाखान्यात आला नाही, की औषधच संपलं होतं, की उपाशीपोटी गोळी घेऊन उलटी झाली, हे त्या एका शब्दात कुठेच दिसत नाही.

खाण्याला महत्त्व नाही का मग?

आहे, आणि भरपूर आहे. मद्रासचा प्रयोग "खाणं फालतू आहे" असं सांगत नाही. औषध मिळत असेल तर गरिबीमुळे उपचार नाकारायचं कारण नाही, एवढंच तो सांगतो. उपासमारीत शरीराची रोगाशी झुंजायची ताकद घटते, ही गोष्ट जुनी आणि पक्की आहे.

अलीकडे ती नीट मोजलीही गेली. झारखंडच्या चार जिल्ह्यांत 'रेशन्स' नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. यात सगळ्याच क्षयरोग्यांना दरमहा सुमारे १० किलो शिधा दिला. शिवाय एका गटात रोग्याच्या घरच्यांनाही तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्या गटात घरच्यांना दिल्या नाहीत. दहा हजारांवर माणसांवर लक्ष ठेवलं. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी दिसलं. आणि पहिल्या दोन महिन्यांत ज्या रोग्यांचं वजन वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका कमी होता.

आता अक्काला मिळालेली यादी आणि झारखंडचा शिधा शेजारी ठेवा. दोन्हींत अन्नच आहे. पण अक्काला "खा" असं सांगितलं गेलं, आणि झारखंडमध्ये अन्न हातात दिलं गेलं. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून क्षयरोग्याला दरमहा ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. त्यात महिना भागतो का, हा प्रश्न वेगळा. पण खाण्याचा सल्ला द्यायचा तर खाण्याची सोयही करायला हवी, हे निदान मान्य झालं.

हे सगळं वाचून तुम्ही काय करायचं? एक म्हणजे, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तपासून घ्या, आणि औषध सुरू झालं की बरं वाटलं तरी डॉक्टरांनी सांगेपर्यंत सोडू नका. घरात कुणाला क्षय असेल तर त्याचं ताट-वाटी वेगळं करू नका. क्षय हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. खिडक्या मात्र उघड्या ठेवा. ब्रेमरच्या सल्ल्यातला तेवढा भाग टिकला आहे.

दुसरं, आजार कुठलाही असो, सल्ल्यांची लांब यादी मिळाली की डॉक्टरांना सरळ विचारा : "डॉक्टर, हे सगळं मला जमणार नाही. यातलं सर्वांत महत्त्वाचं कुठलं? आणि ते माझ्या घरात कसं बसवायचं?" यात लाजण्यासारखं काही नाही. मद्रासमधल्या १९३ माणसांनी हाच प्रश्न विचारायला आपल्याला आधार दिला आहे. आपल्याला त्यांची नावंही माहीत नाहीत.

मागच्या दिवाळीत गावी गेले तेव्हा आजीला हा सगळा अभ्यास सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे दूध नव्हतं म्हणून नाही गेली ती?" मी म्हटलं, "औषध वेळेवर मिळालं असतं तर वाचली असती, आजी. पथ्य तिचं चुकलं नव्हतं."

तुमच्या घरात अशा आजाराच्या आठवणी, जुनी पत्रं किंवा पथ्याच्या चिठ्ठ्या असतील तर मला नक्की कळवा. सरकारी अहवालांत सल्ला देणारे भरपूर सापडतात, तो ऐकणारी माणसं फार कमी सापडतात.