रामब्रह्म सान्याल : पिंजऱ्यांमधून शास्त्र घडविणारा विद्यार्थी

१/
३० जानेवारी १८८९. कलकत्त्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयात सुमात्री गेंड्याच्या मादीने पिल्लाला जन्म दिला. बंदिवासातच गर्भ राहून जन्मलेले या जातीचे पुढचे पिल्लू जगाने पाहिले ते थेट २००१ साली, अमेरिकेतील सिनसिनाटी येथे. मधल्या ११२ वर्षांच्या या पोकळीत प्राणिसंग्रहालय-शास्त्राचा इतिहास दडलेला आहे.

२/
वन्य प्राणी बाळगण्याची हौस जुनीच. मोगल बादशहांच्या पदरी शिकारी चित्ते होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड वेलस्लीने बराकपूरला प्राणी जमविले आणि त्यांच्या अभ्यासाची योजनाही आखली; परंतु अभ्यास मागे पडला आणि शोभा तेवढी उरली. प्राणी पाहण्याची वस्तू होता. त्याच्याविषयी लिहून ठेवावे असे फारसे कुणाला वाटत नव्हते.

३/
कार्ल श्वेंडलर या जर्मन विद्युत-तज्ज्ञाच्या खाजगी संग्रहाची जोड मिळून अलिपूरची बाग आकाराला आली. १ जानेवारी १८७६ रोजी तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजेच पुढचे सातवे एडवर्ड, यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. त्याच काळात तेथे मजुरांवर देखरेख करण्यासाठी एक बंगाली तरुण रुजू झाला. त्याचे नाव रामब्रह्म सान्याल.

४/
सान्याल हे कलकत्ता मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. दृष्टिदोषामुळे त्यांना वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडावे लागले. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज किंग यांनी या हुशार विद्यार्थ्याला बागेत काम मिळवून दिले. डॉक्टर होण्याची वाट बंद झालेल्या या तरुणाने वैद्यकाची शिस्त मात्र सोडली नाही. रुग्णाची नोंद ठेवावी तशी त्यांनी प्राण्यांची नोंद ठेवली. काही वर्षांतच ते या बागेचे पहिले भारतीय अधीक्षक झाले.

५/
कोणता प्राणी काय खातो, कशाने आजारी पडतो, विणीचा काळ कोणता, प्रवासात त्याला कसे न्यावे, कोणते औषध लागू पडले आणि कोणते फुकट गेले, हे सारे ते टिपत राहिले. त्या काळी या प्रश्नांची उत्तरे देणारी पाठ्यपुस्तके नव्हती. बहुतेक ज्ञान रखवालदारांच्या अनुभवात असे आणि त्यांच्याबरोबरच संपून जाई.

६/
या नोंदींतून १८९२ साली त्यांचा इंग्रजी ग्रंथ सिद्ध झाला. खालच्या बंगालमधील बंदिस्त प्राण्यांच्या व्यवस्थापनाची ही मार्गदर्शिका. त्यात शेकडो जातींच्या सस्तन प्राण्यांची आणि पक्ष्यांची माहिती होती. प्रत्येकाचे वर्णन, निवारा, आहार, प्रजनन आणि आजारातील उपचार अशी तिची मांडणी. ‘नेचर’ या नियतकालिकाने तिची दखल घेतली. वसाहतीच्या राजधानीत, पदवी हाती नसलेल्या एका भारतीयाने हे काम केले होते, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्याचे मोल कळते.

७/
नोंद नसली की काय होते, याचेही उदाहरण सुमात्री गेंड्याचेच. १८७२ साली लंडनच्या गोदीत एका जहाजावर या जातीचे पिल्लू जन्मले. मादी पकडली गेल्यानंतरच्या ऐकीव हकिकतीवरून गर्भकाळ सुमारे सात महिन्यांचा असावा, असा तर्क मांडला गेला. प्रत्यक्षात तो पंधरा-सोळा महिन्यांचा असतो. मीलनाची खात्रीलायक तारीख हाती नसल्याने अर्ध्याहून अधिक काळ हिशेबातून निसटला!

८/
या अज्ञानाची किंमत पुढे गेंड्यांनीच मोजली. ही जात वाचविण्यासाठी १९८४ ते १९९६ या काळात ४० गेंडे जंगलातून पकडून इंडोनेशिया, मलेशिया, ब्रिटन आणि अमेरिकेत ठेवले गेले. त्यांपैकी अनेक दगावले. बंदिवासात गर्भ राहून त्या काळात एकही पिल्लू जन्मले नाही. हेतू चांगला होता, पैसा होता. या प्राण्याच्या शरीराचे ज्ञान मात्र अपुरे होते.

९/
कोडे सोडविले सिनसिनाटीच्या प्रजननशास्त्रज्ञ टेरी रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. सोनोग्राफी आणि रक्तातील संप्रेरकांच्या मोजणीवरून त्यांना दिसले की या मादीचे बीजांड मीलनानंतरच सुटते. एमी नावाच्या मादीचे पाच गर्भ टिकले नाहीत. सहाव्या वेळी तिला संप्रेरकाचा आधार दिला गेला आणि १३ सप्टेंबर २००१ रोजी आंदालास जन्मला. गर्भकाळ ४७५ दिवसांचा, या वेळी मोजून ठेवलेला.

१०/
भारतात १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि प्राणिसंग्रहालयांना मान्यता व निकष बंधनकारक झाले. हैदराबादच्या संकटग्रस्त प्रजाती संवर्धन प्रयोगशाळेत प्राण्याला हात न लावता, त्याच्या विष्ठेतील संप्रेरकांवरून माजाचा काळ आणि मनावरील ताण ओळखण्याचे संशोधन चालते. पहाटे पिंजऱ्यापाशी जाऊन नमुना उचलायचा, त्यावर तारीख घालायची, वही भरायची. अशा अभ्यासात उतरणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचा दिवस सान्यालांना परका वाटला नसता.

११/
सान्याल १९०८ साली निवर्तले. सुमात्री गेंडे आज जगात पन्नासहून कमी उरल्याचे अंदाज आहेत. आंदालासला २००७ साली सुमात्रातील वाय कांबास अभयारण्यात नेण्यात आले आणि २०१२ साली तेथे त्याला अंदातू नावाचा मुलगा झाला. आशियात बंदिवासातच गर्भ राहून या जातीचे पिल्लू जन्मण्याची ही १२३ वर्षांतली पहिलीच वेळ. त्याआधीची नोंद अलिपूरची होती.