काकाडू

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीमधील राष्ट्रीय उद्यान व जागतिक वारसास्थळ. क्षेत्रफळ सुमारे २०,००० चौ. किमी. डार्विन शहरापासून पूर्वेस सुमारे २५० किमी.वर. उत्तरेला खारफुटीचा किनारा, मध्ये नद्यांची पूरमैदाने व विरळ निलगिरीची वने, तर पूर्वेला आर्नहेम पठाराचा वालुकाश्माचा उभा कडा. १९७९ साली येथे उद्यान घोषित झाले. निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर १९८१ मध्ये युनेस्कोने त्याचा वारसा यादीत समावेश केला.

काकाडू म्हणजे निर्मनुष्य अरण्य, असे समजून जाणाऱ्याला ते अर्धेच दिसते. उत्तर भागात बिनिंज आणि दक्षिणेत मुंगगुय या आदिवासींची ही राहती भूमी आहे. बहुतांश जमीन त्यांच्या मालकीची असून त्यांनी ती भाडेपट्ट्याने उद्यानाला दिली आहे. व्यवस्थापन मंडळातही बहुमत त्यांचेच असते.

ऋतुमान : सर्वसाधारणपणे पावसाळा व कोरडा हंगाम असे दोनच भाग केले जातात. बिनिंज लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात, आणि प्रवाशाला हीच गणना अधिक उपयोगी पडते. आपला शेतकरी मृग, आर्द्रा, हस्त अशा नक्षत्रांवरून पावसाचा स्वभाव ओळखतो, तसे येथे फुलांवरून आणि वाऱ्यावरून ओळखतात. गुजेउक हा डिसेंबर ते मार्चचा मुसळधार पाऊस. बंगेरेंगमध्ये शेवटची वादळे उंच गवत आडवे करतात. मे-जूनच्या येगेमध्ये वुलीबट निलगिरीला नारिंगी फुले येतात आणि वारा कोरडा होतो. गवत जाळायला सुरुवात करण्याची ही खूण. ओल असतानाच ठिकठिकाणी लहान, मंद आगी लावल्या की पुढे उन्हात वणवा पसरायला सलग गवत उरत नाही. उद्यानाचे कर्मचारीही आज याच पद्धतीने काम करतात. त्यानंतर थंड वुर्गेंग, तापलेला कोरडा गुरुंग आणि उकाड्यात ढग जमू लागतात तो गुनुमेलेंग.

वन्यजीवन : येथे पक्ष्यांच्या २८० च्या आसपास जाती आढळतात, म्हणजे ऑस्ट्रेलियातील एकूण जातींच्या सुमारे एक तृतीयांश. पाणी आटू लागले की काळ्या-पांढऱ्या मॅगपाय गूज पक्ष्यांचे हजारोंचे थवे उरल्यासुरल्या पाणथळींवर उतरतात. ते पाहण्यासाठी यलो वॉटर या पाणथळीवरील पहाटेची नौकाफेरी सर्वांत चांगली. खाऱ्या पाण्यातील मगर (ओडिशातील भितरकणिकेत आढळते तीच जात) १९७१ पर्यंत कातड्यासाठी बेसुमार मारली गेली. संरक्षण मिळाल्यावर तिची संख्या पुन्हा वाढली. नाव खाऱ्या पाण्याचे असले तरी ती नद्यांच्या गोड्या पाण्यातही दूरवर जाते, म्हणून फलक नसला तरी पाण्यात पाय घालू नये. बाहेरून आलेल्या प्राण्यांनी मात्र मोठी हानी केली. म्हशींनी पाणथळी तुडवल्या, तर २००१ च्या सुमारास पोहोचलेला केन टोड हा विषारी बेडूक खाऊन क्वोल हा लहान मांसभक्षक प्राणी झपाट्याने घटला.

शैलचित्रे : नोंदलेली चित्रस्थळे ५,००० हून अधिक आहेत. मडजेडबेबे या शैलाश्रयातील मानवी वस्ती सुमारे ६५,००० वर्षांपूर्वीची असल्याचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही संशोधकांना हा आकडा जास्त वाटतो. उबिर या चित्रस्थळाच्या भिंतीवर बारामुंडी मासे कातडीखालचे अवयव दिसतील असे रंगवलेले आहेत. कणा, हवेची पिशवी, आतडी वेगवेगळी दिसतात. जवळच थायलसिनचे चित्र आहे. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून हा प्राणी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. बुरुंगकुय या चित्रस्थळी नामार्गोन हा वीजपुरुष दिसतो. अंगाभोवती विजेची कमान आणि ढगांवर आदळण्यासाठी गुडघ्या-कोपरांना दगडी कुऱ्हाडी. पहिल्या गडगडाटाच्या दिवसांत पठारावर दिसणारा नारिंगी-निळा लाइखहार्ट नाकतोडा हे त्याचे मूल मानतात. चित्र आणि कीटक एकत्र पाहिल्याशिवाय या कथेचा जिवंतपणा कळत नाही.

खाणी : उद्यानाने वेढलेल्या रेंजर खाणीतील युरेनियमवर प्रक्रिया करण्याचे काम जानेवारी २०२१ मध्ये थांबले. जाबिलुका येथील नियोजित खाणीविरुद्ध १९९८ मध्ये तेथील मिरार आदिवासींच्या पुढाकाराने हजारो लोक रस्त्यावर बसले. ती खाण उभी राहिली नाही. कूनगारा येथील वारसदार जेफ्री ली यांनी खाण कंपनीचा पैसा नाकारून जमीन उद्यानात घालण्याची मागणी केली. २०११ मध्ये ती वारसास्थळात आणि २०१३ मध्ये राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट झाली. काकाडूच्या इतिहासात याहून मोठे दान नाही.

भेटीचा काळ : जून ते ऑगस्ट उत्तम. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांना हिरवळ भरपूर मिळते, पण जिम जिम व ट्विन धबधब्यांचे कच्चे रस्ते तोवर अनेकदा उघडलेले नसतात. दिवाळीत असह्य उकाडा असतो आणि नाताळात पुरामुळे बरेच मार्ग बंद होतात. शेजारच्या आर्नहेम लँडमध्ये जाण्यासाठी वेगळा परवाना आधीच काढावा लागतो. चित्रांना हात लावू नये व निषिद्ध स्थळांची छायाचित्रे घेऊ नयेत. वेळ कमी असेल तर धबधबे सोडावेत, पण उबिर बिनिंज वाटाड्याबरोबरच पाहावे.